ल्वारच्या काठाने, ताईच्या एक्सेल शीटसकट

नाशिकहून निघताना ताईच्या मोबाइलमध्ये एक एक्सेल शीट होती. आठ दिवस, रोज साठ किलोमीटर, एकूण चारशे ऐंशी. शेजारच्या रकान्यात बघायच्या जागा, त्याच्या शेजारी खर्च. ताई एकसष्ट वर्षांची, बँकेतून निवृत्त. मी सत्तावन्न. कॉलेज सुटल्यावर दोघांनीही सायकलला फारसा हात लावला नव्हता, पण रकाने भरताना तो मुद्दा कुठे बसला नाही.

फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठचा सायकलमार्ग नेव्हेरजवळ सुरू होतो आणि अटलांटिकला मिळतो, साधारण ९०० किलोमीटर. सगळा करायचा वेडेपणा आम्ही केला नाही. ब्लवा ते सोम्यूर हा मधला तुकडा घेतला, कारण शातो तिथेच दाटीने आहेत. शातो म्हणजे आपल्या डोक्यातला किल्ला नव्हे. तटबंदीपेक्षा खिडक्या जास्त, असा हा राजेलोकांचा थाट.

व्हिसाचं फार सांगण्यासारखं नाही. कागद जमवायचे, तीस हजार युरोंचा प्रवासविमा काढायचा, बोटांचे ठसे द्यायचे आणि वाट बघायची. सायकलींकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं होतं. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करता येतील अशा भाड्याच्या सायकली मिळतात, थोडे पैसे जास्त पडतात. आम्ही फॉर्मवर दोघांची उंची लिहिली होती. तरी ताईसाठी आलेली सायकल इतकी उंच, की सीटवर बसल्यावर पाय लोंबायला लागले. अर्धा तास हातवारे केल्यावर बदलून मिळाली. तेव्हाच पंपही तपासायला हवा होता. तो तपासला नाही.

पहिल्या दिवशी शांबोर. फ्रान्स्वा पहिल्याने १५१९ मध्ये बांधायला काढलेला हा महाल आणि भोवती ३२ किलोमीटरची भिंत घातलेलं शिकारीचं जंगल. आत एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत. ताई एकाने चढली, मी दुसऱ्याने. मधल्या झरोक्यातून ती दिसत होती, हात हलवत होती, पण पायऱ्या काही एक होत नव्हत्या. वर गच्चीत पोचल्यावरच भेट झाली. एवढं सगळं उभारून राजा इथे उभ्या आयुष्यात काही आठवडेच राहिला. ताई म्हणाली, "लोणावळ्याचे बंगले बघ, तसंच."

आणि इथेच शीट कोसळली. शांबोरमधून बाहेर पडलो तेव्हा दीड वाजला होता. वाटेतल्या गावात बेकरी बंद, किराणा बंद, चिटपाखरू नाही. फ्रान्सच्या खेड्यात साडेबारानंतर दुकानांचे दरवाजे लागतात ते अडीच-तीनपर्यंत. रविवारी दुपारनंतर तर आशाच सोडायची, आणि बऱ्याच बेकऱ्या सोमवारीही बंद. उपाहारगृहात दोननंतर गेलं तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं आणि संध्याकाळी सातशिवाय चूल पेटत नाही. त्या दिवशी आमचं जेवण म्हणजे ताईच्या पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चिक्क्या. रात्री तिने शीटमध्ये नवा रकाना घातला: 'पाव, ११.४५ च्या आत.' तिथून पुढे आमचे सगळे अंतराचे हिशेब त्या रकान्याभोवती फिरले. सकाळी पंचवीस किलोमीटर, पाव, चीज, टोमॅटो, झाडाखाली आडवं होणं, मग जमलं तर दहा किलोमीटर.

पाण्याची एक युक्ती एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने शिकवली. गावात नळ सापडला नाही तर दफनभूमीत जा, म्हणाला. फुलझाडांना घालायला तिथे नळ असतोच. फक्त 'नॉन पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका. ताईला आधी कसंसंच वाटलं. तिसऱ्या दिवसापासून तीच चर्चच्या कळसावर नजर ठेवून म्हणायची, "ते बघ, पाणी."

पंक्चर झालं ते शोमाँ आणि आंब्वाजच्या मधे, रविवारीच. माझं मागचं चाक. दुकानाने दिलेल्या पिशवीत ठिगळं होती, सोल्युशन होतं, पंपही होता, पण पंपाचं वायसर झिजलेलं. दट्ट्या दाबला की हवा बाजूने फुस्स. मी नाशिकहून आणलेला पंप काढला तर तो लागेचना. इथल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पेन्सिलीसारखा बारीक, टोकाला पितळी मळसूत्र. आपण ज्याला फ्रेंच व्हॉल्व्ह म्हणतो तोच, आणि मी खुद्द फ्रान्सात मोटारीच्या व्हॉल्व्हचा पंप घेऊन गेलो होतो!

तोवर भोक तरी शोधावं म्हणून ट्यूब काढली. पूर्वी नदीतून माल नेणाऱ्या सपाट तळाच्या होड्या लागत, त्यासाठी बांधलेला दगडी उतार तिथे पाण्यात जात होता. लहानपणी पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बुडबुडे बघायचो, तसं ल्वारच्या पाण्यात ट्यूब धरून बसलो. उरलीसुरली हवा मुठीत दाबत एकेक वीत पुढे सरकवली. व्हॉल्व्हपासून चार बोटांवर बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. टायरच्या आतून बोट फिरवलं तर कुंपणाच्या छाटणीतला काळा काटा टोचला. पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावून फुंकर घातली, ठिगळ दाबून बसलो. वीस मिनिटांनी एक डच जोडपं आलं. त्यांचा पंप बरोबर बसला. त्यांनी थर्मासमधली कॉफी दिली, ताईने उरलेली चिक्की दिली.

नदी म्हणाल तर सप्टेंबरात अगदी गरीब दिसते. पिवळ्या वाळूचे लांबच लांब पट्टे आणि मधून वळणं घेत जाणारं पाणी. वाटतं, एवढ्याशा पाण्यासाठी हे केवढाले बांध? आमचा रस्ता बराचसा त्या बांधांवरूनच जात होता. मग एका गावात घराच्या भिंतीवर कोरलेल्या रेघा दिसल्या: १८४६, १८५६, १८६६. मोठे पूर आले ती सालं. वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. ताई पाय टेकवून थांबली आणि म्हणाली, "म्हणजे हा यांचा दुतोंड्या मारुती." नाशकात गोदावरीचं पाणी या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं यावर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना त्या रेघा समजावून सांगाव्या लागत नाहीत.

आंब्वाजला दोन रात्री राहायचं होतं, तीन राहिलो. लिओनार्दो द विंचीने शेवटची वर्षं इथे काढली आणि २ मे १५१९ ला इथेच देह ठेवला. शातोच्या आवारातल्या छोट्या चॅपेलमध्ये त्याची समाधी आहे. याच शातोत आठवा शार्ल राजा १४९८ मध्ये चेंडूचा खेळ बघायला जाताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटून मेला. ताईचं मत: वाड्यात वाढला असता तर वाकून गेला असता.

आंब्वाजहून शेनोन्सोला जाताना सुरुवातीलाच चढ आहे. आम्ही सायकली हातात धरून चढलो, लाज कसली. शेनोन्सो ल्वारवर नाही, शेर नावाच्या उपनदीवर आहे, आणि 'वर' म्हणजे अक्षरशः वर. पुलाच्या कमानींवर साठ मीटर लांबीचं दालन बांधलंय. राजाची प्रेयसी दियान द प्वातिए हिने पूल बांधवला, तिला हुसकावून राणी कातरीन द मेदिचीने त्यावर दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. दुसऱ्यात तर शेर नदी हीच सीमारेषा झाली: अलीकडे जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स, पलीकडे मोकळा. दालनाचं एक टोक इकडे, दुसरं तिकडे, आणि त्या पलीकडच्या दारातून माणसं निसटली. आम्ही काळ्या-पांढऱ्या फरशांवरून त्या दारापर्यंत चालत गेलो. शंभर पावलंही नाहीत. ताई तिथे बराच वेळ उभी होती, काही बोलली नाही. शीटमध्ये शेनोन्सोला दीड तास होता, आम्ही संध्याकाळी निघालो.

तूर शहरात रहदारी फार, पटकन पार केलं. व्हिलाँद्रीची बाग मात्र बघाच. नऊ चौकोनांत भाजीपाला, पण गालिचा विणावा तसा लावलेला. ताई जेवणात शाकाहारी, त्यामुळे कोबी बघूनच तिला भरून आलं. जवळच्या दुकानात सँत-मोर नावाचं बकरीच्या दुधाचं चीज घेतलं. बाहेरून राखेने माखलेलं, मधून आरपार एक काडी. "बुरशी आलीय," म्हणत तिने ते परत करायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने दोन घेतले.

शेवटचे दोन दिवस पश्चिमेचा वारा तोंडावर. नदी उताराने चालली आहे म्हणजे आपणही उताराने, हा आमचा भ्रम. चढउतार जवळजवळ नाहीतच, पण वारा समुद्राकडून येतो. समोरून येणारे मजेत शिट्टी वाजवत आणि आम्ही मान खाली घालून ताशी नऊ किलोमीटर. परत गेलो तर उलटं, सोम्यूरहून पूर्वेकडे जाऊ. कांद गावात व्हियेन नदी ल्वारला मिळते तिथे कठड्यावर बसून दम घेतला. घरं सगळी मऊ पांढऱ्या चुनखडीची, ऊन उतरताना लोण्याच्या रंगाची.

सोम्यूरला सायकली परत केल्या. मीटरवर एकूण दोनशे अडतीस किलोमीटर. दुकानातल्या बाईने ब्रेक दाबून बघितले, पंपाबद्दल मी खुणेने सांगितलं, तिने खांदे उडवून नवा ठेवते म्हटलं. अनामत परत मिळाल्याच्या कागदावर सही करत होतो, तेवढ्यात ताईने घड्याळ पुढे धरलं. बाराला वीस मिनिटं होती.

"सही नंतर कर," ती म्हणाली, "कोपऱ्यावरची बेकरी गाठ आधी."