आमची वाटचाल: भोसरीचा गाळा आणि समुद्रातला माल

परदेशातून ॲल्युमिनियमचं भंगार आणायच्या आमच्या धंद्यात माल दिसायच्या आधी पैसे जातात. थोडे आगाऊ, उरलेले कागदपत्रं बँकेत आली की. कंटेनर तेव्हा अजून समुद्रातच असतो.

भोसरीत वडिलांचं भंगाराचं दुकान होतं. चुंबक आणि हाताचा अंदाज, एवढ्यावर ते चालायचं. आसपासच्या ॲल्युमिनियम भट्ट्यांना लागेल तेवढा माल इथल्या गल्ल्यांतून निघेना, म्हणून 2007 मध्ये मी आयातीत उतरलो. आधी या व्यापाराची बोली शिकावी लागली. 'टेन्स' म्हणजे जुनी मिश्र कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग; 'ट्रोमा' म्हणजे गाड्यांची अलॉय व्हील. अमेरिकेतल्या भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनेची ही सांकेतिक नावं जगभर चालतात. सौदा आजही त्याच शब्दांत होतो.

जुलै 2008 मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर ॲल्युमिनियम टनाला 3300 डॉलरच्या आसपास होतं. तेव्हा मी दोन कंटेनरचा सौदा केला. डिसेंबरात भाव 1500 वर. अनेकांनी माल बंदरातच सोडून दिला. मी सोडवून घेतला. शहाणपणा होता का, माहीत नाही. पुढच्या वेळी पुरवठादारानं फोन उचलला एवढं खरं. गाळा गहाण पडला, तो 2013 मध्ये सुटला.

त्याच सुमाराला एका पुरवठादाराकडून आलेल्या मालात गिअरबॉक्स होते, आत तेल आणि पाणी भरलेलं. ॲल्युमिनियमच्या भावानं पाणी घेतलं ते घेतलंच, पण ओला माल वितळलेल्या धातूत गेला तर भट्टी उडते. तेव्हापासून प्रत्येक कास्टिंग आमच्याकडं फुटतं, निथळतं, मगच पुढं जातं.

खरी कमाई निवडीत आहे. जस्ताचे तुकडे ॲल्युमिनियमसारखेच दिसतात, पण जस्त अडीचपटीहून जड. आमच्या एक मावशी वीस वर्षं हे हातानंच ओळखतात. आम्ही धातू तपासायची गन आणली, तर पहिले काही दिवस मावशी गनचीच परीक्षा घेत होत्या.

बंदरावरच्या किरणोत्सर्ग तपासणीवर मीही पूर्वी कुरकुरायचो. मग 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 निघालं आणि एका कामगाराचा जीव गेला. तो माल परदेशातला नव्हताच, देशातलंच एक जुनं उपकरण लिलावात विकलेलं. त्यानंतर यार्डात आम्ही स्वतःचंही मीटर ठेवलं.

2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपचा माल आफ्रिकेला वळसा घालून यायला लागला. भाडं वाढलं, भांडवल जास्त दिवस अडकलं. भट्टीवाले मात्र पैसे पूर्वीसारखेच उशिरा देतात.

सध्या रॉटरडॅमच्या दोन कंटेनरचं बोलणं चालू आहे. फोटो आलेत, चांगले आहेत. गिअरबॉक्स तेवढे उलटे करून पुन्हा काढायला सांगितलंय.