सिएटलच्या हिवाळ्यातले गुंजनपक्षी : परसदारी फीडर सांभाळताना

गुंजनपक्ष्यांच्या (हमिंगबर्डच्या) साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या फक्त उत्तर व दक्षिण अमेरिकेतच आढळतात. त्यांपैकी सिएटलच्या परिसरात नेहमी दिसतात त्या दोनच : वर्षभर मुक्कामाला असणारा ॲना आणि वसंतात मेक्सिकोकडून येणारा रूफस. २०२१ च्या वसंतात आम्ही परसदारी पहिला फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरपाणी ठेवायचे भांडे, टांगला, तेव्हा हे काम उन्हाळ्यापुरते असेल अशी घरात सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात या पक्ष्यांना आपली सर्वांत जास्त गरज पडते ती नोव्हेंबर ते मार्च या काळात, आणि त्यांच्या आयुष्यातल्या पाहण्यासारख्या बहुतेक गोष्टीही त्याच काळात घडतात. ज्यांना फीडर लावायचा आहे, त्यांच्यासाठी हा सगळा अनुभव लिहून ठेवत आहे.

साहित्य साधे आहे. एक वाटी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी, एवढेच प्रमाण. त्यात रंग घालायचा नाही, मध घालायचा नाही, कारण मधाच्या पाण्यात बुरशी फार लवकर धरते. गूळ किंवा तपकिरी साखरही नको, कारण त्यातील लोह या पक्ष्यांना सोसत नाही. पक्ष्याला खुणावण्यासाठी फीडरचा लाल रंग पुरेसा असतो. बाटलीच्या आकाराच्या फीडरपेक्षा पसरट ताटलीचा फीडर मी निवडला, कारण तो पूर्ण उघडून घासता येतो आणि त्यातील पाण्याची पातळी खाली असल्यामुळे गांधीलमाश्यांचे तोंड तिथवर पोहोचत नाही. मुंग्यांसाठी वरच्या आकड्यावर पाण्याची छोटी वाटी बसवली. फीडर खिडकीपासून हातभर अंतरावर टांगला, कारण इतक्या जवळून उडालेला पक्षी काचेवर आदळला तरी त्याला सहसा जोराचा मार बसत नाही. मधल्या अंतरावरून वेगाने येणाऱ्या पक्ष्याला मात्र काच जिवघेणी ठरते.

त्या वर्षीच्या जूनअखेरीस इथे उष्णतेची अभूतपूर्व लाट आली आणि २८ जूनला सिएटलच्या विमानतळावर ४२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उन्हात साखरपाणी एका दिवसात गढूळ होऊन आंबते, म्हणून त्या दिवसांत रोज फीडर धुऊन नवे पाणी भरावे लागले. एरवी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी आणि थंडीत आठवड्याने फीडर धुतला तरी चालते. धुण्यासाठी गरम पाणी, व्हिनेगर आणि बारीक ब्रश पुरतो. या कामात आळस झाला तर आपण पक्ष्यांना खाऊ नव्हे, आजार देत असतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

जुलैपासून रूफस नर दिसेनासे होतात आणि मागोमाग माद्या व पिल्लेही निघतात. वसंतात पॅसिफिक किनाऱ्याने उत्तरेकडे येणारे हे पक्षी परतताना रॉकी पर्वतातील फुललेल्या कुरणांवरून दक्षिणेकडे जातात. अलास्कापर्यंत वीण करणारा हा जेमतेम साडेतीन ग्रॅमचा जीव वर्षाकाठी हजारो किलोमीटर उडतो, आणि त्याची संख्या मात्र घटत चालली आहे, याची खंत वाटते. फीडर ठेवला तर पक्षी स्थलांतर विसरतील, अशी शंका अनेकजण विचारतात. त्यांचे निघणे दिवसाच्या लांबीवर आणि अंगच्या उपजत प्रेरणेवर ठरते. फीडर भरलेला असतानाही रूफस निघून जातात, हे दरवर्षी पाहायला मिळते.

ॲनाची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी मुख्यतः कॅलिफोर्निया आणि त्याच्या दक्षिणेकडील, मेक्सिकोतील बाहा प्रदेशापुरता होता. बागांमध्ये लावलेली परदेशी फुलझाडे आणि घरोघरचे फीडर यांच्या आधाराने तो उत्तरेकडे सरकत गेला आणि २०१७ मध्ये तर कॅनडातील व्हँकुव्हर शहराने त्याला आपला नगरपक्षी म्हणून निवडले. म्हणजे हिवाळ्यात तो इथे राहतो यात माणसाचा मोठा वाटा आहे, आणि म्हणूनच थंडी पडल्यावर फीडर उतरवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

२०२१ च्या नाताळनंतर खरी कसोटी लागली. बर्फ पडला आणि तापमान कित्येक दिवस गोठणबिंदूच्या खाली राहिले. साखरपाणी शून्याखाली एकदोन अंशांतच गोठू लागते. त्या दिवसांत सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारच्या आत मावळतो, म्हणजे पक्ष्याला साडेपंधरा तासांची रात्र उपाशी काढायची असते. ती निभावण्यासाठी तो शरीराचे तापमान खूप खाली आणून ग्लानीत जातो. उडताना मिनिटाला हजारापुढे जाणारे हृदयाचे ठोके पन्नासच्या आसपास येतात. उजाडताच त्याला तत्काळ ऊर्जा लागते आणि नेमके तेव्हाच फीडरमध्ये बर्फ झालेला असतो. म्हणून आम्ही दोन फीडर वापरले : अंधार पडल्यावर बाहेरचा आत घ्यायचा आणि पहाटे उजाडण्याआधी कोमट केलेला दुसरा टांगायचा. दिवसभर पाणी गोठू नये म्हणून फीडरखाली जुन्या पद्धतीच्या, तारेच्या बल्बांची माळ गुंडाळली. एलईडीची माळ या कामाची नाही, कारण ती पुरेशी ऊब देत नाही. एका सकाळी ऱ्होडोडेंड्रॉनच्या फांदीवर पिसे फुगवून, चोच वर करून एक मादी निश्चल बसलेली दिसली. अशा पक्ष्याला हात लावू नये, त्याला ग्लानीतून बाहेर यायला वेळ लागतो. बऱ्याच वेळाने ती थरथरली, उडाली आणि थेट फीडरवर आली. पहाटेच्या त्या सगळ्या धावपळीचे चीज झाले असे तेव्हा मनापासून वाटले.

खिडकीतून इतक्या जवळून पाहता आल्यामुळे जिभेची हालचालही दिसते. फोनवर मंद गतीचे चित्रीकरण केले की टोकाशी दुभंगलेली जीभ सेकंदाला दहाहून अधिक वेळा आत-बाहेर होताना दिसते. पूर्वी असे मानत की मकरंद जिभेच्या नळ्यांमध्ये आपोआप चढतो. चोचीतून बाहेर येताना चपटी झालेली जीभ मकरंदात पुन्हा फुगते आणि सूक्ष्म पंपासारखी तो आत खेचते, हे जीवशास्त्रज्ञ आलेहान्द्रो रिको-गेव्हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले.

जानेवारीत, आपल्याला अजून ऐन थंडी जाणवत असते तेव्हा, ॲना नराची प्रणयझेप सुरू होते. तो तीस-चाळीस मीटर उंच चढतो, सरळ खाली झेपावतो आणि तळाशी वळताना एक मोठा, तीक्ष्ण चीत्कार ऐकू येतो. तो आवाज गळ्यातून नव्हे, शेपटीच्या बाहेरच्या पिसांतून निघतो, हे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये सिद्ध केले. एरवी काळपट दिसणारा त्याचा गळा या वेळी ऊन योग्य कोनात पडले की झगझगीत गुलाबी होतो. फेब्रुवारीत आमच्या खिडकीच्या चौकटीवरून कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओढून नेणारी मादी दिसली. त्या धाग्यांनी बांधलेल्या आणि बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेल्या घरट्यात ती साधारणपणे दोन अंडी घालते आणि पुढचे सगळे एकटीच निभावते. नर फिरकतही नाही. पिल्लांना प्रथिने लागतात, म्हणून ती बारीक किडे व कोळी टिपते. त्यामुळे बागेत कीटकनाशक न फवारणे हे फीडर टांगण्याइतकेच आवश्यक आहे.

मार्चमध्ये इथल्या रानातली लाल फुलांची करंटची झुडपे बहरतात आणि त्याच सुमारास रूफस परततात. मग फीडरवर युद्धच पेटते. एकच नर सगळा फीडर अडवून बसू लागला, तेव्हा दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, एकावरून दुसरा दिसणार नाही असा लावला आणि माद्यांना खायला मिळू लागले.

नोव्हेंबर ते एप्रिल या काळात मी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या प्रोजेक्ट फीडरवॉच या पक्षीगणनेच्या उपक्रमासाठी नोंदी करतो. तिथला नियम असा की एका जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त जितके पक्षी दिसले, तितकाच आकडा लिहायचा. दिवसभरातील भेटींची बेरीज करायची नाही, म्हणजे तोच पक्षी पुन्हा मोजला जात नाही. या नियमामुळे मी प्रत्येक पक्ष्याच्या गळ्यावरचे ठिपके आणि त्याची बसण्याची ठरलेली फांदी लक्ष देऊन पाहायला लागलो.

आमच्यासारख्या अनेक मराठी कुटुंबांपुढे एक अडचण असते : आपण भारतात जातो ते बहुधा डिसेंबरातच. आम्ही यावर दोन उपाय केले आहेत. शेजारच्या कुटुंबाला फीडरची अदलाबदल शिकवली असून निघताना उकळून गार केलेले साखरपाणी त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवतो. ते दोन आठवडे टिकते, पुढचे ते स्वतः करतात. शिवाय कुंपणालगत हिवाळ्यात पिवळी फुले देणारी महोनिया आणि मार्चसाठी करंट लावली आहेत. महोनिया आता चांगली वाढली आहे आणि थंडीतही पक्षी आधी तिच्या फुलांवर जाऊन मग फीडरकडे वळताना दिसतात.