१३७ दिसला की कोडमध्ये डोकं घालू नका
परवा रात्री डॉकरचा एक कंटेनर (म्हणजे अ‍ॅप ज्यात वेगळं बंदिस्त चालतं तो डबा) सारखा उडत होता. चालू केला की दहा मिनिटं नीट, मग गायब, आणि लॉग बघावा तर शेवटची ओळ अर्धवट, एरर वगैरे काहीच नाही. मी तासभर कोड चाळत बसलो आणि मग कधीतरी डॉकर पीएस -ए (बंद पडलेल्यांसकट सगळ्या कंटेनरची यादी) मारलं तर समोरच लिहिलेलं, एक्झिटेड १३७. सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा कोड १२८ अधिक सिग्नलचा नंबर असा असतो, म्हणजे इथे १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, जागीच मारून टाकणारा सिग्नल. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, थेट मान मुरगळली की प्रोसेसला लॉग लिहायला वेळच मिळत नाही. हाताने डॉकर किल मारलं तरी हाच कोड येतो, म्हणून डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएमकिल्ड (आउट ऑफ मेमरी, मेमरी संपली म्हणून मारला का) बघितलं. ट्रू. विषय संपला.

कंटेनरच्या मेमरीची लिमिट होती २५६ एमबी, आणि ती कधीतरी 'सध्या असू दे' म्हणून मीच टाकलेली!

कंटेनर परत चालू करून डॉकर स्टॅट्स लावलं, वापरलेल्या मेमरीचा आकडा २४०, २४८, २५३ असा चढताना दिसत होता. डॉकर अपडेटने चालू कंटेनरची लिमिट वाढवता येते, रीस्टार्ट लागत नाही, म्हणून --मेमरी ७६८एम दिलं तर ते नाहीच म्हणालं. झालेलं असं की सुरुवातीला फक्त --मेमरी दिली की डॉकर --मेमरी-स्वॅप आपणहून दुप्पट धरतो, आणि हा आकडा नुसत्या स्वॅपचा (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरतात ती जागा) नसून मेमरी आणि स्वॅप मिळून असतो (हे नाव ज्याने ठेवलं त्याला नमस्कार). म्हणजे माझा ५१२ वर अडकलेला, आणि मेमरी त्याच्या वर जाऊ शकत नाही. दोन्ही एकदम ७६८ दिले, चाललं.

सीपीयूचं तसं नसतं, तिथे कोणी मरत नाही, नुसतं रखडतं, आणि मला तर ते जास्त त्रासदायक वाटतं. --सीपीयूज ०.५ दिलं की दर १०० मिलिसेकंदात ५० मिलिसेकंद मिळतात, पण ते सगळ्या थ्रेड्समध्ये (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये) मिळून. चार थ्रेड चार कोअरवर एकदम पळाले तर साडेबारा मिलिसेकंदात कोटा खलास, उरलेले साडेसत्त्याऐंशी नुसतं उभं राहायचं. सरासरी सीपीयू बघून यातलं काही कळत नाही, सीग्रुपच्या (कर्नलची ही लिमिट लावणारी सोय) सीपीयू डॉट स्टॅट फाइलमध्ये एनआर थ्रॉटल्ड, म्हणजे कितीदा असं अडवलं तो आकडा, वाढतोय का ते बघा.

आणि कंटेनरच्या आत शिरून फ्री कमांड मारू नका, ती कंटेनरची नाही, तो ज्यावर चालतो त्या अख्ख्या होस्ट मशीनची मेमरी दाखवते.

एवढं सगळं करून मी खुशीत झोपलो, पण डॉकर अपडेट फक्त त्या एका कंटेनरपुरतं असतं, कंटेनर ज्यावरून बनतो त्या कंपोज फाइलमध्ये अजून २५६ च होते. सकाळी कोणीतरी डिप्लॉय केलं, कंटेनर नवीन बनला, परत १३७.