दसऱ्याला दोन दिवस कमी पडले

विट्यातल्या एका पतसंस्थेची पिग्मी मी बारा वर्षं गोळा करते. भाजी मंडई, स्टँडसमोरचे चहाचे गाडे, दोन सलून आणि एक पंक्चरवाला असा माझा रोजचा फेरा. रोज पन्नास-शंभर रुपये हातात ठेवणारी ही माणसं घरातली गोष्ट आधी मला सांगतात, मग बायकोला. त्यामुळे आमचे मॅनेजर साहेब जेव्हा म्हणाले, "विम्याचं कामही तुम्हीच बघा, कोपऱ्यातलं टेबल देतो," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. संस्थेनं स्वतःच्या नावानं विमा विकायची परवानगी, म्हणजे कॉर्पोरेट एजन्सी, घेतलेली नव्हती. एजन्सी माझ्या नावावर, कमिशन माझं. संस्थेची फक्त खुर्ची आणि पंखा. एजंट नेमणारे एलआयसीचे विकास अधिकारी ओळखीचे निघाले. आठ दिवसांचं काम आहे, असं घरी सांगून टाकलं.

एप्रिल २०२३ मध्ये त्या विकास अधिकाऱ्यांनी माझा पॅन नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर आधीच एजंट आहात."

मला आठवायलाच दोन मिनिटं लागली. २०१८ मध्ये नणंदेच्या ओळखीतला एक मुलगा एका खाजगी विमा कंपनीत लागला होता. त्याला टार्गेट होतं. "ताई, नुसती परीक्षा द्या, फी मी भरतो." दिली, पास झाले. मिस्टरांची एक पॉलिसी काढली आणि विषय संपला. माझ्या दृष्टीनं संपला. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये मी पाच वर्षं इमानेइतबारे एजंट होते!

नियम असा आहे की आयुर्विम्यासाठी एका वेळी एकाच कंपनीची एजन्सी ठेवता येते. दुसरी हवी तर पहिलीचा राजीनामा द्यायचा आणि त्या कंपनीकडून एजन्सी बंद झाल्याचा दाखला घ्यायचा. त्याला फॉर्म आय-सी म्हणतात. हे नाव पाठ करून ठेवा, कारण मी ज्या ज्या टेबलाशी गेले तिथे कुणालाच ते माहीत नव्हतं.

आधी सांगलीला गेले. जिथे त्या कंपनीची शाखा होती तिथे आता स्पर्धा परीक्षेचे क्लास चालतात. मग कोल्हापूर. तिथला पोरगा गोड बोलायला. पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाला, "मॅडम, राजीनामा मूळ शाखेतच द्यावा लागतो."

"मूळ शाखा बंद झाली."

"पण सिस्टिमला चालू दिसते ना."

पुढच्या खेपेला वेगळीच माणसं. आता राजीनामा घेतील, पण सोबत कंपनीचं ओळखपत्र जमा करा म्हणे. ते मला कधी मिळालंच नव्हतं. मग हरवल्याचं पोलीस स्टेशनमधून लिहून आणा. अहो, जे हातात आलंच नाही ते हरवलं असं मी हवालदाराला कोणत्या तोंडानं सांगू? तरी गेले. हवालदार हसला आणि म्हणाला, "ताई, हे आमच्याकडचं काम नाही." एक दिवसाची पिग्मी बुडाली. एसटीचं भाडं वेगळं. विटा-कोल्हापूर अशा चार खेपा केल्या मी, आणि प्रत्येक वेळी बाजार उठल्यावर अंधारात मंडईत फिरून राहिलेली पिग्मी गोळा केली.

शेवटी वाट दाखवली आमच्या संस्थेत ठेव ठेवायला येणाऱ्या एका जुन्या एजंट काकांनी. त्यांनी कागदावर तीनच ओळी लिहून दिल्या. एक, राजीनामा तोंडी द्यायचा नाही, रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवायचा. दोन, ओळखपत्र मिळालेलं नाही हे त्याच पत्रात स्वतःच्या सहीनं लिहायचं. तीन, राजीनामा मिळाल्यापासून १५ दिवसांत दाखला देणं कंपनीवर बंधनकारक आहे, हे विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०१६ च्या एजंट नेमणूक विनियमांचा उल्लेख करून लिहायचं आणि प्रत मुख्य कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायची. हे मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर मे महिन्यातच सुटले असते. मी मात्र जुलै उजाडेपर्यंत खेपा मारत बसले. कागदापेक्षा तोंडओळखीवर काम होतं ही आमच्याकडची सवय, दुसरं काय.

दाखला आला. तारीख २८ जुलै २०२३. पेढे आणले. विकास अधिकारी दाखला वाचून म्हणाले, "आता नव्वद दिवस थांबायचं."

दाखल्याच्या तारखेपासून ९० दिवस झाल्याशिवाय नवी कंपनी अर्ज विचारात घेत नाही, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. काकांनीही नाही, त्यांना वाटलं मला माहीत असणार. आणि खरी मेख अशी की हे दिवस दाखल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही राजीनामा दिला तेव्हापासून नाही. म्हणजे त्या गोड बोलणाऱ्या पोरानं घालवलेला एकेक दिवस पुढे ढकलला गेला. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. २६ ऑक्टोबर. दसरा २४ ला. दोन दिवस! दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली पॉलिसी देतो म्हणून शब्द दिलेले तिघे होते. त्यातल्या चहावाल्यानं तेवढ्यात भाच्याकडून पॉलिसी घेतली. त्याच्या गाड्यावर चहा पिणं मी महिनाभर बंद ठेवलं होतं.

नव्यानं एजंट होणाऱ्यांना परीक्षेचं सांगायचं राहिलं. तिला घाबरू नका. तासाभरात पन्नास प्रश्न, ३५ टक्क्यांना पास, म्हणजे अठरा बरोबर आले की झालं. पुस्तक मराठीत मिळतं, फक्त त्याची मराठी पचायला दोन दिवस द्या.

२७ ऑक्टोबरला अर्ज दिला. पुढे कुठे अडलं नाही.

टेबलावर बसल्यावर कळलेल्या दोन-तीन गोष्टी. पिग्मी आणि विम्याचा हप्ता एकत्र घेऊ नका, पिशवीसुद्धा वेगळी ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, "त्यातलेच वळते करून घ्या की." "पहिला हप्ता तुम्ही भरा" असं दहातले सहा जण म्हणतात. कमिशनमधून अशी सूट द्यायला विमा कायद्याच्या कलम ४१ खाली मनाई आहे, दंड दहा लाखांपर्यंत. हे सांगितलं की बहुतेक गप्प बसतात. बँकेतल्या वर्षाला ४३६ रुपयांच्या दोन लाखांच्या विम्याचं (प्रधानमंत्री जीवनज्योतीचं) कुणी विचारलं, तर मी त्याला आधी तो घ्यायला बँकेत पाठवते. माझं त्यात काही सुटत नाही, पण माणूस परत माझ्याकडेच येतो. आणि कर्ज हवं असेल तर पॉलिसी काढाच, असं कुणी तुमच्या तोंडून वदवून घेत असेल तर ते टेबल सोडा. आमच्या साहेबांनी तसं कधी केलं नाही, म्हणून मी टिकले.

मरणाचं बोलणं इथे कुणाला आवडत नाही. कर्जदार तर ऐकतच नाही. ऐकतो तो जामीनदार, कारण कर्जदार गेला तर वसुलीची नोटीस त्याच्याच दारात येते. माझी पहिली पॉलिसी अशीच झाली. ट्रॅक्टरचं कर्ज घेतलेल्या माणसाला त्याचा जामीनदार अक्षरशः दंडाला धरून घेऊन आला. फॉर्म भरून झाला, सह्या झाल्या आणि जाताना जामीनदार मागे वळून म्हणाला, "वहिनी, हप्ता चुकला तर फोन मला करा. ह्याला नको."