काळ्या मातीत केळीचं आळं

"अगं, लवकर ये, तुझ्या खड्ड्याचं तळं झालंय!" जुन्या पलासियातल्या काकूंचा सकाळीच फोन. रात्रभर इंदूरला पावसाने झोडपलं होतं.

त्यांच्या बंगल्याचं दुखणं नेहमीचंच. समोरचा रस्ता दर डांबरीकरणात चढत गेला, अंगण खाली राहिलं. गच्चीचं पाणी दोन पाइपांतून धो धो उतरायचं आणि माती ओढत मागच्या भिंतीशी तुंबायचं. उन्हाळ्यात त्याच घरी टँकर. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपांनी चढवून आणायचं आणि आभाळाचं गटारात सोडायचं, हे मला कधी पटलेलं नाही. म्हणून मे महिन्यात मागच्या अंगणात, भिंतीपासून चांगलं लांब, केळीचं आळं केलं. दोन मीटर रुंद, मधे मीटरभर खोल असा बशीसारखा खड्डा. निघालेल्या मातीचा भोवती गोल बांध, बांधावर केळीचे मुनवे, म्हणजे कंदाला फुटलेली रोपं, आणि त्यांच्या मधल्या जागेत पपई आणि अळू. खड्ड्यात तळाला जाड फांद्या, वर पालापाचोळा, गवत, स्वयंपाकघरातला ओला कचरा. ढीग बांधाच्याही वर गेला तरी चालतो, तो बसतच जातो.

केळीला पाणी भरपूर लागतं, पण मुळं दिवसेंदिवस बुडून राहिली की कंद सडतो. म्हणून ती लावायची बांधावर, खड्ड्यात नाही.

आता हिशेब. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी होतं. एवढा खड्डा रिकामा असला तरी दोनेक हजार लिटर धरणार, फांद्या भरल्यावर त्याहून कमी. त्यात आपली काळी माती! उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पहिलं पाणी घटाघट पिते. एकदा फुगली की भेगा मिटतात आणि मुरणं जवळपास थांबतं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, तेव्हा तेही पावसाळ्यात खड्डे सोडून जमिनीवर ढीग रचत. मग मी या मातीकडून वेगळी अपेक्षा का धरू? गच्चीचा एकच पाइप आळ्याकडे वळवला आणि उताराच्या बाजूला बांध चार बोटं खाली ठेवून विटांचा सांडवा केला. काकांच्या लेखी तो फुटका बांध.

पोहोचले तर आळं काठोकाठ. पाचोळा तरंगतोय, कडेला फेस. माळी म्हणाला, "मैडम, ये तो तलाई बन गई." पण सांडवा चोख वाहत होता. पाणी गवताच्या पट्ट्यावर पसरत होतं आणि गाळ बराचसा आतच राहिला होता. मागच्या भिंतीशी मात्र थोडं पाणी साचलेलं. हे कुठून आलं? एका पाइपाने आळं भरून जरासं सांडेल, एवढाच माझा अंदाज होता.

बांधाला वळसा घातला तर अळूच्या पानांखालून एक निळी नळी आत गेलेली. गच्चीचा दुसरा पाइप!

"काका, हे काय?"

"एवढा खड्डा खणलायस, म्हटलं वाया कशाला घालवा," काका शांतपणे म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला.

नळी काढून दुसऱ्या पाइपाचं पाणी थेट गवतावर सोडलं. पाणी शिरतं तिथे बांधाला घळ पडली होती, तिच्यात दगड बसवले. संध्याकाळी पाऊस उघडला. तिसऱ्या दिवशी आळ्यात उभं पाणी नव्हतं, म्हणजे डासांची काळजी मिटली. उन्हाळ्यात कपडे धुतलेलं पाणी इकडेच वळवायचं ठरलंय. घड उतरला की ते खोड तोडून त्याच खड्ड्यात टाकायचं. तेव्हा कपडे जुने घालायचे, केळीचा डाग काही केल्या निघत नाही.

शेजारचे आजोबा कुंपणावरून सगळं बघत होते. आम्हालाही एक करून द्या म्हणाले. त्यांची मोकळी जागा घराच्या पायापासून चार फूट. एवढ्या जवळ पाणी मुरवणं नको, म्हणून मी नाही म्हटलं आणि त्यांना गच्चीच्या पाण्यासाठी पिंप बसवायला सांगितलं.