बिडाचा ग्रिल पॅन: सऱ्यांमधली खरवड कुठवर निघाली

ग्रिल पॅनचे वरंबे फारसा त्रास देत नाहीत, सगळा घोळ सऱ्यांमध्ये असतो. वरंब्यावर उलथनं फिरतं, कापड पोचतं. सरीत मात्र मॅरिनेशनचा चक्का ओघळतो, तेल साचतं, त्यात तिखट-हळद बसते आणि दर खेपेला हे सगळं नव्याने भाजलं जातं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेला हा चौकोनी पॅन अगदी त्याच अवस्थेत होता. ठोकून पाहिला तर आवाज खणखणीत, म्हणजे तडा नाही. सऱ्या मात्र निम्म्याच्या वर बुजलेल्या. विकणारा म्हणाला, "साहेब, जरा घासला की नवा!" जरा घासून भागणार असतं तर त्यानेच घासला असता, पण असो, भाव पटला.

आधी काळ्याकाळ्यातला फरक

घासणी हातात घेण्याआधी बॅटरीच्या उजेडात पॅन नीट पाहिला. सगळं काळं म्हणजे घाण नव्हे. सगळ्यात वर होतं नुसतं वाळलेलं अन्न: बेसन, मसाला, पनीरचा चुरा. हे पाण्यात फुगतं आणि निघतं. त्याखाली साखर, कांदा, दह्यातली प्रथिनं जळून झालेला कोळसा. हा ठिसूळ असतो, कडेने जोर दिला की कपचा उडतो. तिसरा थर सगळ्यात चिवट, तो म्हणजे तेलाचा तपकिरी डिंक. नख मारलं की नख रुततं, साबणाला तो दाद देत नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी बिडाला घट्ट धरून बसलेला पातळ काळा थर, तो आपल्याला हवाच असतो. गंमत म्हणजे तो आणि डिंक दोन्ही एकाच तेलातून होतात. तेल तापलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. थर पातळ असेल आणि आच पुरेशी मिळाली तर कडक, गुळगुळीत सीझनिंग होतं, म्हणजे तो हवा असलेला काळा थर. जाड थर अर्धवट तापला की डिंक. सरीत तेल साचतं, म्हणून डिंक सरीतच.

सोडा

मावशींनी पॅन बघितल्याबरोबर निकाल देऊन टाकला, "दादा, राखेत पुरून ठेवा रात्रभर." कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राख कुठून आणायची हा प्रश्न वेगळा, पण म्हणणं सोळा आणे खरं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि धुण्याच्या सोड्यात सोडियम कार्बोनेट. दोन्ही अल्कली, दोन्ही तेलाचा डिंक फोडतात. खाण्याचा सोडा त्या मानाने सौम्य; उकळत ठेवला तर कार्बन डायऑक्साइड सोडत तोही हळूहळू कार्बोनेटच होतो, मग धुण्याचाच का नको?

लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर सोडा, पॅन काठोकाठ भरून मंद आचेवर 15-20 मिनिटं. हातात रबरी मोजे, खिडकी उघडी. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं आणि वर तपकिरी तवंग येतो. तो आला की समजायचं, डिंक सुटतोय. हे केल्यावर खालचं सीझनिंगही थोडं जातंच. जाऊ दे. जुनं सांभाळत बसण्यापेक्षा नवं चढवणं सोपं.

कॉस्टिक सोड्याची बादली हा जालीम उपाय आहे आणि तो बिडाला काही करत नाही, पण घरात लहान मुलं असताना मी तो करणार नाही. बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिसही करता येतं, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या पॅनमधून वीज सोडून थर उखडायचा. मात्र त्यात हायड्रोजन निघतो, म्हणून ते उघड्यावरच करायचं, आणि चार्जरच्या दुसऱ्या तारेला जोडून पॅनसमोर बुडवायचा पत्रा साध्या लोखंडाचा हवा. स्टेनलेस स्टीलचा लावला तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. सोसायटीच्या गच्चीवर हा कारभार मांडून सेक्रेटरींना उत्तरं देत बसायची माझी तयारी नाही.

करवंटी

ह्या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मजाही इथेच आली. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या खरवडण्यांचे दात माझ्या सऱ्यांत बसत नव्हते. एकतर अडकायचे, नाहीतर तळाला टेकायचेच नाहीत. ड्रिलला तारेचं चाक लावलं तर वरंबे चकाचक होतात आणि सरी तशीच राहते, म्हणजे ज्याला गरज नाही त्याचीच मालिश.

तेव्हा घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा एका मोकळ्या झालेल्या सरीत दाबला, अलगद उचलला आणि सुरीने आडवा कापला. सरीचा तळ गोल आहे आणि बाजू किंचित बाहेर कललेल्या, हे तेव्हा दिसलं. तोच आकार नारळाच्या करवंटीच्या तुकड्यावर पेन्सिलने उतरवला, हॅकसॉच्या पात्याने कापला आणि पॉलिश पेपरवर घासत, पुन्हा पुन्हा सरीत घालून बघत जुळवला. करवंटी डिंक उकरण्याइतकी टणक आहे, पण बिडावर चरा उठवत नाही. धार गेली की पॉलिश पेपरवर परत चार हात.

पॅन कोमट असतानाच, सोड्याचं पाणी ओतून लगेच खरवडायचं. पहिल्या फेरीत डिंकाची अखंड दोरी निघाली, सरीच्या लांबीची, चिंचेच्या गरासारखी लवचिक. गार झाल्यावर हाच डिंक परत आखडतो आणि मग कितीही जोर लावा, नुसती पावडर निघते.

उरलेल्या ठिपक्यांसाठी बोहरी आळीतून पितळी तारांचा छोटा ब्रश आणला. वापरल्यावर पॅन धुऊन, उजेडात धरून बघायचा. ब्रशची एखादी तार सुटून सरीत राहिली तर ती थेट जेवणात जाते.

गंज आणि तेल

हे सगळं पावसाळ्यात चाललंय, त्यामुळे उघडं पडलेलं बीड वाळता वाळताच केशरी होतं. धुतल्यावर फडक्यावर भरवसा न ठेवता लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करतो.

नवं सीझनिंग चढवायला तेल करडईचं. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असल्यामुळे ते लवकर घट्ट होतं आणि किराणा दुकानातही मिळतं. जवसाच्या तेलाचं कौतुक पुष्कळ ऐकलंय, पण त्याचा थर टणक असला तरी ठिसूळ, पुढे पापुद्रे निघतात. दांड्यामुळे पॅन ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, मावत नाही, म्हणून गॅसवरच, थोड्या थोड्या वेळाने फिरवत. बीड उष्णता सावकाश पसरवतं: मध्ये 240 अंश दिसत असतात तेव्हा कोपऱ्यात 170 च्या आसपास. न फिरवता सोडला तर कडेला पुन्हा डिंक तयार.

तेल लावल्यावर सुती पंच्याची सुरळी करून प्रत्येक सरीतून ओढतो, सुरळीवर तेलाचा डाग उमटायचा थांबेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे आणि इथेच लोक कच खातात.

आता रोजचं

श्रावणात पनीर, मक्याची कणसं, सुरण यावर परीक्षा झाली. चक्क्याचं जास्तीचं मॅरिनेशन निथळून घेतलं, तेल पॅनला न लावता पनीरला लावलं. पनीर तळाशी नीट भाजलं की आपणहून सुटतं. त्याआधी उलथनं घातलं की अर्धं सरीत राहतं.

गॅस बंद केल्यावर धूर थांबू द्यायचा आणि कपभर गरम पाणी ओतायचं. नळाचं गार पाणी तापलेल्या बिडाला तडा देऊ शकतं. वाफ बसेपर्यंत करवंटी फिरवली की ताजी खरवड निघून येते. एखादा हट्टी डाग असेल तर जाडं मीठ आणि अर्धा कापलेला बटाटा. मीठ बिडापेक्षा मऊ, त्यामुळे फक्त खरवडच झिजते. बटाट्याऐवजी लिंबू घेऊ नका, आम्लाने सीझनिंग उतरतं. भांड्यांचा साबण थोडासा चालतो, त्याची भीती बाळगायचं कारण नाही. पॅन मोरीत रात्रभर भिजत ठेवणं मात्र साफ बंद. मावशींनाही तसं सांगून ठेवलंय.

शेजारच्या काकूंनी हे बघून त्यांचा नॉनस्टिक ग्रिल पॅन पाठवून दिला. तो अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून ह्यातलं जवळजवळ काहीच त्याला लागू नाही. अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खाते, तेव्हा धुण्याचा सोडा नाही, उकळणं नाही, आणि कोटिंगवर चरे नकोत म्हणून मीठ नाही, पितळी ब्रशही नाही. कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रश मारला. जेवढं निघालं तेवढं निघालं. कोटिंग जिथे उडालंय तिथे घासून काही परत येणार नाही, हेही काकूंना सांगितलं.

माझ्या पॅनला दांड्याच्या बाजूला सऱ्यांच्या टोकाशी अजून डिंक आहे. तिथे सरी अरुंद होते आणि करवंटी अडते. तेवढ्यासाठी दुसरा, निमुळता तुकडा घासायला घेतलाय. कणकेचा ठसा काढून झाला आहे.