किराणा अकरा हजारांवरून साडेसातवर आला, तो असा

आमच्या घरी पाच माणसं. मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. थोरली दहावीत, धाकटा सहावीत, म्हणजे दोघंही भुकेच्या वयातली. हडपसरला भाड्याचं घर, ह्यांची कंपनीत नोकरी आणि मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. गेल्या वर्षी ह्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि नेमका त्याच महिन्यात मुलीचा क्लास लागला. घरभाडं, फी, गाडीचा हप्ता यातलं काहीच कमी करता येत नव्हतं. स्वयंपाकघर तेवढं आपल्या हातात होतं.

दिवसभर लोकांची खाती बघते, तसं घरचंही खातं उघडलं. वाण्याच्या जुन्या चिठ्ठ्या आणि मॉलची बिलं एकत्र केली आणि चार रकाने पाडले: धान्य-डाळी, तेल-तूप, मसाला-साबण-किरकोळ, आणि वरचं खाणं. वरच्या खाण्यात बिस्किटं, फरसाण, नूडल्स, सॉस, तयार पिठं, थंड पेयं असं सगळं टाकलं. सगळ्यात मोठा आकडा याच रकान्याचा निघाला. त्याखालोखाल तेल. ज्याच्यावर घर खरं जेवतं ते धान्य आणि डाळी तिसऱ्या नंबरला.

हे कळल्यावर काम सोपं झालं. लोक सांगतात यादी करा, मॉलला जाऊ नका, ऑफर बघा. ते ठीकच आहे. पण माझा अनुभव असा की किराण्याचं बिल दुकानात ठरत नाही, संध्याकाळी सात वाजता ओट्यापाशी ठरतं. कामावरून दमून आलं, डाळ भिजलेली नाही, पीठ दळलेलं नाही, की हात आपोआप पाकिटाकडे जातो नाहीतर फोनकडे. म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा की सकाळी डबे भरतानाच रात्रीचं कडधान्य भिजत पडलं पाहिजे. हे काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं. मी निघताना विचारते, "आई, आज काय घातलंय?" त्या म्हणतात, "मटकी. पण ती उद्याची. आजची चवळी कालच भिजवलीय, तू फक्त फोडणी दे." त्यांचं गणित माझ्यापेक्षा एक दिवस पुढे चालतं.

सासूबाईंचं माहेर बार्शी तालुक्यातलं. त्यांच्या लहानपणी रोज तुरीचं वरण ही श्रीमंती होती. आमच्या घरात मात्र ती सवय होऊन बसली होती. तूरडाळ २०१५ साली दोनशे रुपये किलोवर गेली तेव्हाही आम्ही रोज तूरच शिजवत होतो. आता आठवड्यातून दोनदा तूर, बाकी मसूर, मूग, मटकी, चवळी, हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ, आणि हरभऱ्याची डाळ. यात पोषण कमी होत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच जणींना तीच धास्ती असते. तूर काय, मसूर काय, हुलगा काय, शंभर ग्रॅममागे प्रथिनं साधारण वीस ते पंचवीस ग्रॅमच्या आसपासच असतात. फरक आहे तो भावात. शिवाय मटकीला मोड आले की वाटीभराची अडीच-तीन वाट्या होते, आणि मोडांमधून क जीवनसत्त्वही मिळतं. पाच जणांची उसळ एका वाटीत निघते. रस्सा पातळ केला तर सकाळच्या डब्यालाही पुरते.

हरभऱ्याच्या डाळीचं माझं विशेष प्रेम आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'भारत' नावाने ती साठ रुपये किलोने विकायला सुरुवात केली होती, तेव्हापासून आमच्याकडे ती जास्त येऊ लागली. मी बेसनाचं पाकीट आणत नाही. डाळ आणते आणि गिरणीतून दळून घेते. किलोमागे पैसे वाचतात ते वाचतात, पण ताज्या पिठाचं पिठलं ज्या खमंगपणे उकळतं ते पाकिटातल्या पिठाला जमत नाही. पिठलं, कोरडा झुणका, वडीचा रस्सा, डाळकांदा अशा चार वेगळ्या भाज्या एकाच डब्यातून निघतात. भाजी महाग झाली की आमच्याकडे ओरड होत नाही, ती याच्यामुळे.

आता शेंगोळ्यांबद्दल, म्हणजे रश्शात शिजवलेल्या हुलग्याच्या पिठाच्या कड्यांबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण हा पदार्थ शहरातल्या घरांतून जवळजवळ गेलाच आहे आणि पाच जणांचं रात्रीचं पोटभर जेवण साठ रुपयांच्या आत बसवणारं याच्यासारखं दुसरं काही मला तरी माहीत नाही. हुलगे निवडून, मंद आचेवर जरासे भाजून गिरणीतून दळून आणायचे. पाच जणांना तीन वाट्या हुलग्याचं पीठ, त्यात एक वाटी ज्वारीचं आणि अर्धी वाटी गव्हाचं. गहू नसला तर शेंगोळी शिजताना तुटतात. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, जिरं आणि हिरवी मिरची ठेचून अर्धं पिठात घालायचं, अर्धं फोडणीसाठी ठेवायचं. हळद, मीठ, हातावर चोळलेला ओवा. पीठ घट्ट मळायचं, भाकरीच्या पिठापेक्षा बरंच घट्ट. तळहाताला तेलाचं बोट लावून छोट्या गोळ्याची वळकटी करायची, करंगळीहून बारीक, आणि दोन्ही टोकं जुळवून कडं करायचं. धाकटा इंग्रजी आठाचा आकडा करतो. तोही छान शिजतो.

पातेल्यात दोन पळ्या तेल, मोहरी, उरलेला लसणाचा ठेचा, चमचाभर काळं तिखट आणि भरपूर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय शेंगोळी सोडायची नाहीत, नाहीतर सगळ्याचा लगदा होतो. थोडी थोडी सोडायची आणि पहिली काही मिनिटं पळी अजिबात फिरवायची नाही. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा बाजूला काढून तो पाण्यात कालवायचा आणि शेवटी रश्शात ओतायचा, त्याने रस्सा दाटतो. दाण्याचं कूट मूठभर. वीस-पंचवीस मिनिटांनी एक शेंगोळं मोडून बघायचं, आत कोरडं पीठ दिसलं नाही की झालं. वर कच्चं तेल किंवा तूप, बरोबर कांदा आणि लिंबू. भाकरी लागत नाही, भात लागत नाही, एका पातेल्यात सगळं जेवण. गॅससुद्धा एकच पेटतो, आणि एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर पन्नास रुपयांनी वाढल्यापासून मी तोही हिशेबात धरते.

भाकरीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते, हे खरं आहे. माझ्या मैत्रिणी म्हणतात, मग परवडतं कसं? परवडतं, कारण भाकरीला तेल लागत नाही. पोळीच्या कणकेत तेल, घडीत तेल, वरून तेल. भाकरीला फक्त गरम पाणी आणि हाताचा जोर. आणि दोन भाकऱ्यांवर जेवण थांबतं, पोळ्या चार लागतात. आमच्याकडे रात्री भाकरी सुरू झाली आणि तेलाचा रकाना त्याच महिन्यात खाली आला.

तेलावर तर मी बारकाईने नजर ठेवते. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, त्यामुळे आयात शुल्क हललं की आपली कढई हलते. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढलं तेव्हा ऐन सणासुदीत भाव चढले, ते सगळ्यांनीच भोगलं. भाव माझ्या हातात नाही, पण घरातलं माप आहे. महिन्याचं तेल आलं की चार स्टीलच्या बरण्यांत सारखं वाटून ठेवते आणि ओट्यावर एकच बरणी राहते. ती एका आठवड्याची. बुधवारपर्यंत निम्मी संपली असेल तर गुरुवार-शुक्रवार वरण, कढी, ताकातलं पिठलं, उकडलेलं काहीतरी. तळण सणालाच. पूर्वी सहा लिटर लागायचं, आता चार लागतं, आणि जेवणात कमी पडलंय असं कुणाला जाणवत नाही. तेल घेताना पिशवीवरचे ग्रॅम वाचा, ही माझी कळकळीची विनंती. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. दिसायला तेवढीच असलेली पिशवी कधी ८५० ची असते, कधी ८०० ची. पाकिटावर किमतीजवळ बारीक अक्षरात दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो. तोच बघायचा, 'सवलत' ही मोठी अक्षरं नाही.

डाळी आणि पिठं मी सुटीच घेते. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागतो, सुट्यावर लागत नाही. पण कराहून मोठी गोष्ट ही की वाण्याकडे पाव किलो मागता येतं. मॉलमध्ये पाव किलो चवळीसाठी अर्ध्या किलोचं पाकीट उचलावं लागतं आणि उरलेल्याला पावसाळ्यात किडे लागतात.

भाजीचं थोडक्यात सांगते. मी रविवारी संध्याकाळी, मंडई उठायच्या वेळेला जाते. तेव्हा वाटे लागलेले असतात. मेथी, शेपू, अंबाडी, चुका, जी पालेभाजी स्वस्त ती. काय करायचं ते घरून ठरवून जात नाही, मंडईत बघून ठरवते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दोनशेच्या घरात गेले होते, तेव्हा आमच्याकडे आमटीत चिंच परत आली आणि ती मग गेलीच नाही. सासूबाई गावाकडून वर्षाची चिंच गोळा बांधून, मीठ लावून आणतात. काळं तिखट आणि चिंच-गुळाची आमटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना टोमॅटोची आठवण येत नाही.

ते काळं तिखटही आम्ही वर्षाचं एप्रिलमध्ये करतो. मिरच्या, धने, खोबरं, खडा मसाला उन्हात वाळवून, भाजून डंकावर कांडून आणतो. एकदम पैसे जातात, ते वर्षभर थोडे थोडे बाजूला काढावे लागतात. पण मग दर महिन्याला मिसळ मसाला, पावभाजी मसाला, अमका मसाला अशी जी छोटी पाकिटं यादीत घुसतात ती थांबतात. ज्वारीही तशीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीचं पीक निघालं की मामांच्या शेतावरून पोती येतात आणि शेजारच्या काकूंबरोबर वाटून घेतो. कडक उन्हं देऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीत. तूरडाळ जास्त आणली तर तिला एरंडेल चोळून ठेवतो. बोरिक पावडर मात्र खाण्याच्या धान्यात कुणीही घालू नका, कितीही जणींनी सांगितलं तरी.

राहिला तो वरच्या खाण्याचा रकाना. हा एका दिवसात पुसला असता तर मुलं रुसली असती आणि ते बरोबरही झालं नसतं. चार वाजता शाळेतून आलेल्या पोराला भूक लागतेच. म्हणून रकाना तोच ठेवला, आतलं बदललं. चुरमुरे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे आणि गूळ हे डबे खालच्या फळीवर, हाताला लागतील असे. उरलेल्या वरणात ज्वारी-बेसन-कणीक मळून धपाटे. शिळ्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा. आणि शेंगाची चटणी, जी सासूबाई अजून उखळातच कुटतात, दाण्याला तेल सुटेपर्यंत. दह्यात कालवून भाकरीला लावली की थोरली सॉस मागत नाही. नूडल्स महिन्यातून एकदा असतात, ठरलेल्या रविवारी. तो दिवस मी कधी रद्द करत नाही.

तीन गोष्टींना मी हात लावलेला नाही: दूध, अंडी आणि हंगामी फळ. मुलं वाढतायत, थोरलीला पाळी सुरू झालीय, सासूबाईंची हाडं दुखतात. बिल कमी करायचं म्हणून घरातल्या बाईने स्वतःच्या ताटातलं आधी काढायचं, ही जी आपल्याकडची रीत आहे तिला माझा ठाम विरोध आहे. आमच्या घरी अंडी पाच उकडतात, चार नाही. वाचलेल्या साडेतीन हजारांतले अडीच क्लासला जातात. उरलेल्या हजारातून दर शनिवारी फळं येतात, पेरूच्या दिवसांत पेरू, नंतर बोरं, मग कलिंगड. आंब्याला मात्र दोन महिने आधीपासून वेगळे पैसे काढून ठेवावे लागतात, आणि ते मी काढते.